जुनी मॅन्युअल लेन्स घ्यायचीय, निकॉनवर हेलिऑस घेऊ की दुसरी कुठली? सल्ला द्या

पाऊसवेडी :
नमस्कार मंडळी, बरेच महिने इथले जुन्या लेन्सांनी काढलेले फोटो नुसते बघतेय, आता राहवत नाही म्हणून विचारते. माझ्याकडे निकॉन डी ५६०० कॅमेरा आहे आणि सोबत आलेली १८-५५ किट लेन्स, बस. बजेट पाच-सहा हजार, अगदी ताणलं तर सात. घरच्या माणसांचे जवळून फोटो आणि पावसाळ्यातली फुलं, तेरडा, सोनकी असलं काढायचंय. ती रशियन ५८ मिमीची हेलिऑस ४४-२ सगळ्यांनी डोक्यावर घेतलीय ना, मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात ती, तसलं काहीतरी हवंय. एकजण ऑनलाइन विकतोय, "मिंट कंडिशन, थोडं फंगस आहे पण फोटोत दिसत नाही" असं लिहिलंय, म्हणजे नव्यासारखी पण आत बुरशी. घेऊ का? राहते चिपळूणला, इथे हातात घेऊन बघायची सोय नाही, पण मुंबई-पुण्याला येणं होतं अधूनमधून.

भोवरा_५८ :
मिंट आणि फंगस एकाच वाक्यात लिहिणाऱ्याकडून काही घेऊ नका ताई :)

आता हेलिऑसचं. माझी लाडकी लेन्स आहे, आयडीवरून कळलंच असेल, तरी निकॉनवर घ्या असं मी म्हणणार नाही. ४४-२ ही एम ४२ वाली, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे आटे, बॉडीत पिळून बसवायची. तिला माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉन एफ माउंटचं अंतर मुळातच ४६.५. म्हणजे अ‍ॅडॉप्टरची (दोन वेगळी माउंट जोडणाऱ्या रिंगची) जाडी शून्य धरली तरी लेन्स मिलिमीटरभर पुढेच राहणार आणि दोन-तीन मीटरच्या पलीकडचं काही फोकसच होणार नाही. त्यावर उपाय म्हणून आत काच असलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात, त्याने लांबचं दिसतं खरं, पण स्वस्तातली ती काच चांगल्या लेन्सची पार वाट लावते. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४, त्यामुळे ते लोक एक पातळ रिंग लावून खुशाल वापरतात, आपण बघत बसायचं.

खटकदाबू :
हे बरोबर, पण धागाकर्तीला फुलं आणि चेहरे काढायचेत, ते असतात दीड मीटरच्या आत. बिनकाचेचा अ‍ॅडॉप्टर लावला तरी भागेल की. डोंगर किट लेन्सने काढायचे.

भोवरा_५८ :
भागेल, नाही असं नाही. पण ज्याच्यासाठी घेतायत तेच निम्मं मिळणार. ते फिरणं फ्रेमच्या कडेला असतं, मधोमध जवळपास नाहीच. कडेचा प्रकाश तिरका येतो, लेन्सच्या नळीची कड त्याला थोडा कापते, म्हणून तिथले ठिपके गोल न राहता लांबट होतात आणि मध्याभोवती फेर धरतात. डी ५६०० चा सेन्सर दीडपट क्रॉपचा, म्हणजे लहान, फक्त मधला भाग घेणारा, तो नेमकी तीच कड बाहेर टाकतो. ५८ मिमीची लेन्स त्यावर ८७ मिमीसारखी वागेल, पोर्ट्रेटला झकास, पण भोवरा बेताचाच.

खाली फोटो डकवलाय तो फुल फ्रेमवरचा, म्हणजे मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरचा आहे. पुतणी दीड मीटरवर, मागे जांभळाचं झाड चांगलं पाच-सहा मीटर लांब, पानांतून आभाळ दिसतंय, अपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक) पूर्ण उघडं म्हणजे एफ २. हे सगळं जुळलं तरच दिसतं. मागे भिंत असली तर ही लेन्स आणि दुसरी कुठलीही लेन्स सारखीच. (अवांतर : हे डिझाइन मूळचं जर्मनीतल्या झाइस येना कंपनीच्या बायोटार लेन्सचं, रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ते झेनिट कॅमेऱ्यांसाठी बनवायला लागले.)

अंधारखोली :
उशिरा आलो, पण वाचून राहवलं नाही. पोरी, तुझ्याकडे निकॉन आहे तर सरळ निकॉनचीच जुनी लेन्स, निकॉर, घे ना. एफ माउंट १९५९ पासूनचा, इतक्या वर्षांच्या लेन्सा पडून आहेत बाजारात, अ‍ॅडॉप्टर नको, काच नको, लांबचं जवळचं सगळं फोकस होतं. ५० मिमी एफ १.८, एआय किंवा एआय-एस (निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्सांचे प्रकार), नाहीतर निकॉनच्याच स्वस्त सिरीज ई मधली ५० १.८, ती चपटी असते, प्लास्टिक जरा जास्त म्हणून लोक नाकं मुरडतात, पण फोटो बघून कोणी सांगावं कुठल्या लेन्सचा आहे ते. १०५ एफ २.५ मिळाली तर माझ्या मते सगळ्यात सुंदर तीच, फक्त तुझ्या बजेटात चांगली सापडणं अवघड.

१९७७ च्या आधीच्या, ज्यांना नॉन-एआय म्हणतात, त्या डी ७२०० सारख्या मोठ्या बॉडीवर लावायच्या नाहीत, माउंटच्या कडेची बारकी पट्टी मोडू शकते. तुझ्या डी ५६०० ला ती पट्टीच नाही, त्यामुळे तुला त्याही चालतात आणि त्या स्वस्त पडतात. ओळखायची खूण म्हणजे एआय लेन्सच्या अपर्चर रिंगवर माउंटच्या बाजूला आकड्यांची दुसरी बारीक ओळ असते, नॉन-एआयवर एकच ओळ.

मात्र ऐकून ठेव, कॅमेरा मीटरिंग देणार नाही, म्हणजे प्रकाश मोजून सांगणार नाही. डायल एम (मॅन्युअल) वर ठेवायचा, बाकी मोडमध्ये क्लिकच होत नाही. एक फोटो काढ, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख) बघ, शटर कमीजास्त कर. हात बसला की त्रास वाटत नाही. फोकसला व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो तो या लेन्सांनाही येतो. पण एफ १.८ ला ठिपक्यावर फार विसंबू नकोस, ट्रायपॉड असेल तर स्क्रीनवरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करून पाकळीची कड बघत फोकस कर. फुलांना हेच बरं.

खटकदाबू :
काका, निकॉर ५० म्हणजे वरणभात हो. माणसाला झणझणीत हवंय आणि तुम्ही पथ्याचं वाढताय.

अंधारखोली :
वरणभाताला नावं ठेवू नये, रोज तोच लागतो :) आणि मुद्द्याचं म्हणजे हिने उद्या मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तरी निकॉर वाया जात नाही. सोनी ई चं अंतर १८, निकॉन झेडचं १६, फुजीचं १७.७. एफ माउंटचं ४६.५, म्हणजे मध्ये रिकामी नळी घातली की काम झालं. तेव्हा हेलिऑस घे, खुशाल फिरव पानं.

पाऊसवेडी :
बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. पटलं, निकॉरच बघते. काका, मिररलेसचं सध्या स्वप्नच. पण फंगसचं सांगा ना कोणीतरी, आमच्याकडे तर बूट-चपलांनाही बुरशी येते, लेन्सचं काय घेऊन बसलात.

जुनाबाजारी :
हा माझा विषय. विकणारा "साफ होतं" म्हणेल. वरवरची बुरशी साफ होतेही, पण ती कोटिंग किंवा काचच खात गेली असेल तर पुसल्यावरही डाग तसाच राहतो, आणि लेन्स उघडायची मजुरी लेन्सच्या किमतीएवढी होते. म्हणून घेतानाच बघायचं. अपर्चर पूर्ण उघडायचं, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरपा मारायचा आणि दुसऱ्या बाजूने आत बघायचं, लेन्स हळूहळू फिरवत. बारीक फांद्या फुटलेले धागे दिसले की बुरशी, खाली ठेवून द्या. सगळीकडे सारखा दुधट थर दिसला तर हेझ, तोही नको, फोटो फिके येतात. चारदोन धुळीचे कण असले तर सोडून द्या, कुठल्या जुन्या लेन्समध्ये नसतात? समोरच्या काचेवर बारीक ओरखडा असला तरी फोटोत सहसा कळत नाही, मागच्या काचेवर मात्र नको.

मग मागचा अपर्चरचा खटका बोटाने सरकवून सोडा, पाती झटकन मिटली-उघडली पाहिजेत. आळसावल्यासारखी सरकली तर पात्यांवर तेल आलंय. फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मध्ये अडकते का, करकरते का बघा. आणि स्क्रूच्या खाचा नीट बघा, ओरबाडलेल्या असतील तर कोणीतरी घरी उघडून बसलंय.

पुण्याला आलात तर जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे लेन्स बहुधा बंद पडलेल्या बॉडीसकट मिळते, दोन्हीचा मिळून भाव करायचा. नशिबाचा खेळ आहे, कधी हात हलवत परत यायचं. मुंबईत फोर्टला सीएसएमटीजवळच्या सेकंडहँड दुकानांत महाग पडेल, पण आपली बॉडी नेऊन लावून बघता येते. पहिलीच लेन्स असेल तर मी फोर्ट म्हणेन.

तांबडी_माती :
मी रत्नागिरीचा, म्हणून हवेबद्दल एवढंच. लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, विकणारा सोबत देतो आणि आपण हौसेने वापरतो, ते चामडंच ओल धरतं. कपाटातही नको. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशेचा आर्द्रतेचा काटा, चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला की निवांत. निळं जेल गुलाबी झालं की कढईत मंद भाजून परत वापरायचं, मात्र ती कढई स्वयंपाकाला नको. आणि लेन्स वापरत राहा, पडून राहिली की बुरशी आलीच.

खटकदाबू :
थोडं अवांतर, पण पेंटॅक्सची जुनी टाकुमार ५० एफ १.४ लेन्स किरणोत्सर्गी असते म्हणतात ते खरं का? मला एक मिळतेय, काच चहासारखी पिवळी झालीय.

भोवरा_५८ :
खरंय. सुपर टाकुमारचं नंतरचं, सात काचांचं डिझाइन, त्यात थोरियम घातलेली काच आहे, ती काळाने पिवळी पडते. यूव्ही एलईडीच्या दिव्याखाली काही दिवस ठेवली की बरीच निवळते. उन्हात ठेवणारेही आहेत, पण भिंगातून ऊन एका जागी गोळा होऊन आग लागू शकते, तो उद्योग नको. फोटो काढायला काळजीचं कारण नाही, फक्त काच घासत-फोडत बसू नका आणि उशाशी घेऊन झोपू नका. स्वस्त असेल तर घ्या, माझ्या मते हेलिऑसपेक्षा दहापट चांगली बनवलेली आहे.

पाऊसवेडी :
पुढच्या आठवड्यात मुंबईला जातेय, फोर्टला एकाकडे ५० १.८ एआय-एस आहे असं फोनवर कळलं. टॉर्च, कॅमेरा, सगळं घेऊन जाते. तो म्हणाला पुढचं झाकण नाही. माझ्या किट लेन्सचं ५५ चं बसेल का?

अंधारखोली :
नाही बसणार, ५२ चं लागतं. तिथेच मागून घे, आणि मागचं झाकणही आहे का विचार.