मदत हवी आहे : एमडी सायकियाट्रीनंतर संशोधनाकडे कसं वळायचं?

नमस्कार मंडळी. माझी भाची सरकारी कॉलेजात एमडी सायकियाट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. छातीत धडधड, हातपाय गार, 'आता मरतो' म्हणत कॅज्युअल्टीत आलेला पेशंट ईसीजी नॉर्मल म्हणून घरी जातो आणि आठवड्याभराने पुन्हा हजर! या पॅनिक डिसऑर्डरवरच तिला संशोधन करायचंय. डोक्यात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन बसलेत. 1960च्या दशकात त्यांनी पाहिलं, की इमिप्रामीन या नैराश्यावरच्या औषधाने पॅनिकचे झटके थांबतात, पण 'पुन्हा येईल' ही धास्ती उरतेच. 1980च्या डीएसएम-3मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र जागा मिळाली.

घरचे म्हणतात, क्लिनिक टाक. (त्यांचंही चूक नाही, तिशी आली.)

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत व्यसन, बालमानसोपचार यांत डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) आहे. चिंताविकारांचं वेगळं डीएम मात्र आम्हाला सापडलं नाही. मग सीनियर रेसिडेन्सी (एमडीनंतरची हॉस्पिटलातली नोकरी) करता करता पीएचडी जमते का? की आधी एखाद्या प्रोजेक्टवर लागावं? स्टॅटिस्टिक्स कुठे शिकलात? आणि खरं सांगा, प्रॅक्टिस न करता घर चालतं का? या वाटेने गेलेलं कुणी असेल तर कृपया मेसेज करा.