‘ब्लेड रनर २०४९’ म्हणे आवाज बंद करून बघा!

मिरजेची पेटी:
परवा इथंच साताऱ्याच्या ‘फ्रेमवेडा’ यांनी लिहिलं, की ‘ब्लेड रनर २०४९’ हा हॉलिवूडचा चित्रपट कुठंही थांबवा, ती फ्रेम भिंतीवर लावण्याजोगी आहे; संगीत म्हणजे नुसती घरघर, आवाज बंद करून बघितला तरी काही बिघडत नाही. खाली अंगठ्यांची रांग. प्रतिसाद द्यायला बसलो तर लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

चित्राबद्दल वाद नाही. लास वेगासचं ते नारिंगी, धुरकट ओसाडपण, त्यातल्या उद्योगपती वॅलेसच्या दालनात पाण्यावरून परतून भिंतींवर हलणारा उजेड. कॅमेऱ्याला कसलीही घाई नाही. किराणा घराण्याच्या गाण्यातली बढत अशीच असते, एका स्वरावर बसायचं आणि पुढच्याची वाट बघायला लावायची. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. १९८२ च्या पहिल्या चित्रपटाला व्हॅन्जेलिसचं संगीत होतं. गड्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. लंडनच्या आपल्या स्टुडिओत समोर चित्र लावायचा आणि वाजवत बसायचा. वाद्य यामाहाचं सीएस-८०, म्हणजे सिंथेसायझर. शंभर किलोच्या आसपासचं धूड, एका वेळी आठ स्वर. पण खरी करामत पट्ट्यांमध्ये. चार पट्ट्या दाबून धरल्यात आणि त्यातली एकच जरा जास्त दाबली, तर तेवढाच स्वर थरथरतो, शेजारचा जागचा हलत नाही. वर एक रिबन असते, तिच्यावरून बोट सरकवलं की मींड निघते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. मी जन्मभर पेटी वाजवली. पेटीत मींड नाही. पट्टी देईल तो स्वर घ्यायचा आणि गायकाच्या मागं धावायचं. त्यामुळं तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा सरळ हेवा वाटला.

२०४९ मध्ये हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांनी तेच वाद्य वापरलं. वाद्य तेच, मग हात कुठं गेला? आवाजाची भिंतच्या भिंत अंगावर येते, पण पलीकडं कुणी बसून वाजवतंय असं काही वाटत नाही. इथपर्यंत फ्रेमवेडांशी माझं जुळतं. पण म्हणून आवाजच बंद? त्या इमारती एवढ्या अजस्र वाटतात त्या कानामुळं. कान काढून घ्या, मागं उरेल ते महागडं कॅलेंडर.

फ्रेमवेडा:
कॅलेंडर तर कॅलेंडर. छायालेखक रॉजर डीकिन्सना चौदाव्या नामांकनात पहिलं ऑस्कर मिळालं ते याच कॅलेंडरसाठी. दृश्यपरिणामांचं ऑस्कर वेगळं. संगीताला काय मिळालं? नामांकनसुद्धा नाही. त्याच वर्षी झिमरसाहेबांना ‘डंकर्क’साठी होतं. म्हणजे माणूस लक्षात होता, हे काम नव्हतं.

मी लग्नाचे व्हिडिओ करतो. एडिटिंगला बसलो की पहिला हात आवाज बंद करायला जातो. गाणं लावलं की कुठलाही शॉट बरा वाटतो हो. सनई लावून नवरीची पाठमोरी पावलं दाखवा, आई रडणारच. कॅमेरा हललाय की नाही हे बघतंय कोण? मुका शॉट खोटं बोलत नाही. गेल्या सीझनला एका पार्टीनं भांडून भांडून ड्रोन लावायला लावला आणि त्यावर असलं गाणं टाकायला लावलं की शॉटकडं कुणाचं लक्षच जाईना. वर म्हणे, ड्रोनचं काही जाणवलं नाही, पैसे कमी करा. ते अजून अडकलेत. संगीतवाल्यांनी आमच्या कामावर बसू नये, एवढंच म्हणणं आहे.

कृष्णाकाठची:
फ्रेमवेडा, तुमच्या पार्टीचा राग व्हॅन्जेलिसवर कशाला? आणि ऑस्करची यादी तुम्ही सोयीपुरतीच वाचलीत. एकूण पाच नामांकनं, त्यातली दोन ध्वनीची: एक संकलनाचं, एक मिश्रणाचं. ज्याचं बटण बंद करा म्हणताय त्याचीच.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. शेतावरचं घर, शेगडीवर पातेलं, त्यात लसूण उकळतोय. त्या बुडबुडीवर दोन माणसं एकमेकांना जोखत बसलीत. पुढं काय होणार हे पोटात कळतं ते त्या पातेल्यामुळं. किंवा बंद पडलेल्या कॅसिनोतली मारामारी घ्या. एल्व्हिसचा होलोग्राम गाता गाता तुटतो, अंधार, शांतता, की परत अर्ध्या ओळीपासून चालू. ही मारामारी मुकी बघा आणि काय उरलं ते सांगा.

पेटीवाले, तुमचंही सगळं पटलं नाही. हात जाणवत नाही म्हणता, पण त्या जगातच हात कुठं आहे? झाड दिसतं ते वाळलेलं, नायक कारखान्यात तयार झालेला, घरी बायको म्हणून प्रकाशाची बाहुली. तिला चालू-बंद करताना जी इवलीशी धून वाजते ती प्रोकोफिएव्हची. एवढा मोठा संगीतकार यंत्राच्या घंटीपुरता उरलाय! अशा ठिकाणी बोटाची थरथर ऐकू आली असती तर मला खोटं वाटलं असतं. मला हळहळ आहे ती योहान योहानसनची. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हच्या आधीच्या तीन चित्रपटांना त्याचं संगीत होतं, इथंही काम त्यानंच सुरू केलं होतं, मग त्याला बाजूला करून या दोघांना आणलं. २०१८ च्या फेब्रुवारीत तो गेला.

बाकी आपल्याकडं असले चित्रपट ऐकायचे कुठं हाही प्रश्नच आहे. इथल्या एका पडद्यावर मागचा डावा स्पीकर फाटलेला. तक्रार केली तर म्हणे, मॅडम, तो शेजारच्या स्क्रीनचा आवाज आहे.

शाहूपुरी एक्सप्रेस:
ताई, स्पीकर फाटला असेल तर साताऱ्याला या, विसर्जनाला. झिमरचा तो ‘भ्वांऽऽऽ’ आला की मला आमच्या मंडळाचीच आठवण येते. छाती हलली पाहिजे! मिरवणुकीतल्या डॉल्बीला नाकं मुरडणारी माणसं थिएटरात तिकीट काढून तीच छाती हलवून घेतात, याची लई मजा वाटते.

निवृत्त मास्तर, कराड:
मजा? थिएटरातून मला उठून जाता येतं. घरातून कुठं जाऊ? आमची आई नव्वदीची. मिरवणूक दारात थांबली की ती दोन्ही हातांनी पलंगाची कड धरते. मांडणीतली भांडी आपोआप पुढं सरकतात, सकाळी परत मागं लावायची. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालापासून नियमात लिहिलेली आहे. रात्री दहानंतर भोंगे बंद, तेही लिहिलेलं आहे. फोन केला की ‘गाडी पाठवतो’ म्हणतात. गाडी येते. मिरवणुकीच्या पुढं चालते.

बेसकिंग तासगाव:
मास्तर, आईंचं वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण सगळा राग आमच्यावरच का? ढोलपथक आलं की त्याला संस्कृती म्हणायचं, पेपरात फेट्यातले फोटो. त्याचा आवाज काय कमी असतो? आमचे बॉक्स आले की प्रदूषण. मी सिस्टीमवाला आहे. बॉक्स, ॲम्प्लिफायर, जनरेटर, सगळं कर्जावर. अवकाळीनं द्राक्षबाग झोपली त्या वर्षी घर या बॉक्सवर चाललं. तेव्हा कोण आलं नव्हतं डेसिबल मोजायला. आणि पोरं नाचणार कशावर? पेटीवर?

मिरजेची पेटी:
नका नाचू पेटीवर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं तेव्हा माईक नव्हता, डॉल्बी नव्हती, तरी लोक बसत होते. आणि तुम्ही विषय काढलाच आहे तर ऐका. गेल्या उत्सवात आमचा नाट्यगीतांचा कार्यक्रम चालू होता आणि एक सिस्टीम चौकात येऊन उभी राहिली. बाईंनी समेवर यायचं, पण सम कुठली धरायची? तबल्याची की तुमच्या बॉक्सची? दोन आवर्तनं प्रयत्न केला, मग हात जोडून उठल्या. आयोजकांनी मानधन निम्मं दिलं, कार्यक्रम निम्माच झाला म्हणून! वर कोणी तरी म्हणतं, पोरांचा आनंद आहे. असू दे. ज्याच्यामागं हात नाही त्याला मी संगीत म्हणणार नाही. मग ते झिमरचं असो नाही तर तासगावचं.

बेसकिंग तासगाव:
चला, झिमरच्या पंगतीला बसवलंत. आभारी आहे.

तारेवरचा:
हाताचं एवढं चाललंय म्हणून लिहितो. आमच्या घरात तंबोरे होतात. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, काढायची तर घोडीचा, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीचा, माथा कानशीनं अगदी अलगद घासायचा, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत घासायचं. कधी सकाळी बसलेला माणूस दुपारी जेवायला उठतो आणि तार तशीच मुकी. शेवटी तारेखाली दोरा मागंपुढं सरकवत स्वर कुठं उघडतो ते धरायचं. त्याला माप नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हारतुरे झाले.

आता पेटीवाले, त्याच कार्यक्रमात तुमच्या बाईंच्या मागं तंबोरा कुठं होता? मी समोरच बसलो होतो. मोबाईल होता. ॲपवरचा तंबोरा, स्पीकरला जोडलेला. लंडनच्या माणसाचा हात ऐकू येतो तुम्हाला, आणि आपल्या पाठीमागं हात नाही ते नाही?

फ्रेमवेडा:
अरे वा. म्हणजे बटणं दाबणारा मी एकटाच नाही.

मिरजेची पेटी:
तंबोऱ्यांची जोडी न्यायची तर गाडी मोठी लागते, छेडायला दोन माणसं लागतात आणि आयोजक चहाचे कप मोजतो. ॲप जेवत नाही, त्याला प्रवासखर्च नाही. तुमचा मुद्दा जिंकला असं समजा आणि पुढच्या कार्यक्रमाला जोडी फुकट पाठवा.

तारेवरचा:
फुकट मागणारे फार झाले म्हणूनच आमचा पोरगा बँकेत चिकटला.

कृष्णाकाठची:
आता मूळ विषयावर या, नाही तर हा धागा थेट विसर्जन घाटावर जाईल. मला शेवटाबद्दल विचारायचं होतं. पायऱ्यांवर बर्फ पडतोय आणि १९८२ ची व्हॅन्जेलिसचीच धून परत येते. उसनवारी म्हणणारे पुष्कळ आहेत. पण घराण्यात आजोबांची बंदिश नातू गातो, तेव्हा कोण उसनवारी म्हणतं?

मिरजेची पेटी:
नातू गातो तेव्हा त्यात त्याची स्वतःची एखादी जागा असते, नसेल तर गुरुबंधूच बैठकीनंतर टोमणा मारतात. इथं जागा आजोबांचीच, फक्त हॉल मोठा घेतलाय. तरीही डोळ्यात पाणी आलं. ते कुणामुळं, हे सांगायला नको.

फ्रेमवेडा:
बर्फामुळं.

शाहूपुरी एक्सप्रेस:
मास्तर गप्प झाले का? ढोलपथकाच्या डेसिबलचं काही उत्तर आलं नाही.

निवृत्त मास्तर, कराड:
ढोलही बंद करा. मी कुठं अडवलंय?

बेसकिंग तासगाव:
काल पिक्चर लावला. म्हटलं एवढी शिकलेली माणसं कशावर भांडतायत ते तरी बघू. गोडाऊनमध्ये, आपल्याच सिस्टीमवर. स्टोरी निम्मी डोक्यावरून गेली, माणूस कोण आणि मशीन कोण शेवटपर्यंत कळलं नाही. पण आवाज ज्यानं केलाय तो गडी हलका नाही. आमचे बॉक्स ठोक्यासाठी बांधलेले असतात, गर्दीत धडधड पोचली पाहिजे. याचा बेस त्याच्याही खालचा. आमच्या बॉक्सातून तो येतच नाही, नुसता कोन हलताना दिसतो. फ्रेमवेडा भाऊ, मी तो मुका पण लावून बघितला थोडा. झोप आली.

आणि ताई, ते लसणाचं पातेलं. ॲम्प्लिफायरच्या पंख्यांच्या घोंघावण्यात ते ऐकूच येईना. शेवटी सगळं बंद केलं आणि तेवढा भाग पोरीचा हेडफोन लावून बघितला.

निवृत्त मास्तर, कराड:
घरात हेडफोन आहे हे कळलं, बरं वाटलं. आधी गोडाऊनमध्ये सिस्टीमवर लावला होता तो रात्री किती वाजता?

बेसकिंग तासगाव:
शटर ओढून, मास्तर.