अनुभव धागा: क्लॅश ऑफ क्लॅन्स गेममधल्या क्लॅन वॉरच्या विषम जोड्या

पूर्वभागकर: काल भाचा रडवेला होऊन फोन घेऊन आला. "मामा, ह्या समोरच्याकडं तोफा नाहीत, मग हिरो एवढे भारी कसे?" सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली आमची वॉर आठवली. क्लॅश ऑफ क्लॅन्स, मोबाईलवरचा गेम. क्लॅन म्हणजे खेळाडूंचा गट, वॉर म्हणजे दोन गटांची लढाई. क्लॅनमधली निम्मी पोरं यंत्रमागावर रात्रपाळीला. होम मैदानावर पाळण्यांच्या गोंगाटात उभं राहून अटॅक मारले. समोर सगळे इंजिनिअर्ड बेस, म्हणजे मुद्दाम डिफेन्स कच्चा ठेवलेली गावं. टाऊन हॉल (गावाची लेव्हल ठरवणारी मुख्य इमारत) ११, पण ईगल आर्टिलरी ही मोठी तोफ बांधलेलीच नाही. म्हणून वजन (जोडी लावायला गेम गावाची ताकद मोजतो तो आकडा) कमी, आणि जोडी आमच्या १० वाल्यांशी. सैन्य मात्र पूर्ण ११ चं! आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरानं राबून भिंती वाढवल्या होत्या, पहिल्याच अटॅकला तीन स्टार गेले. तो परत वॉरला आलाच नाही. हरल्याचं काही नाही, त्या पोराचं अजून वाईट वाटतं. तुमचंही लिहा.

कडकभाकरी: सेम!! आमच्यात तर समोरच्यांनी खाली चार-पाच पिल्लू, म्हणजे अगदी कमी लेव्हलची अकाउंट भरलेली. वर राक्षस. रागानं जेवलो नाही.

सातरस्ता: लिहिते नंतर, कुकर लावलाय

विजापूररोड: नियमात बसत होतं ना पण? डिफेन्स न बांधणं हीपण स्ट्रॅटेजीच.

पूर्वभागकर: @विजापूररोड नियमात बसलं म्हणून न्याय झाला का ओ? डिफेन्सचं वजन जास्त, सैन्याचं कमी, हे माहीत असणाऱ्यांनी फायदा घेतला. सरळ बांधत गेला तो मार खाल्ला.

यंत्रमाग_रात्रपाळी: २३ तास तयारी, २४ तास वॉर. दुसरा अटॅक ठेवला शेवटच्या तासाला आणि लाईट गेली बे. मोबाईल टॉवरपण गेला. स्टार सारखे, नुकसानीच्या टक्क्यावर हरलो.

कडकभाकरी: 😭😭 कुठला भाग?

यंत्रमाग_रात्रपाळी: अशोक चौक

कडकभाकरी: अरे मी पण तिथलाच! शेंगाचटणी कुठून घेता तुम्ही? पुण्याला पाठवायचीय बहिणीला

यंत्रमाग_रात्रपाळी: घरीच कुटतो, आई देईल. या.

सातरस्ता: आले. मला २०१८ ला क्लॅन वॉर लीग आली तेव्हापासून बरं वाटतं. आठ क्लॅन, सात दिवस, रोज एकच अटॅक. तिथं वजन बघून जोडी नाही, क्लॅन ज्या लीगमध्ये तिथलेच समोर. हरलो तरी का हरलो ते कळतं. दादा, त्या लहान पोराला परत बोलवा ना.

पूर्वभागकर: तो आता हैदराबादला नोकरीला. मेसेज टाकलाय.

विजापूररोड: मग फ्रेंडली वॉर लावा की. समोरचा क्लॅन आपणच निवडायचा. लूट मिळत नाही, पण जोड्या बघून ठरवता येतात. आमचे १५ जण तयार, एकही इंजिनिअर्ड नाही, शब्द देतो.

पूर्वभागकर: चालेल! भाच्याला घेतो. शनिवारी?

सातरस्ता: शनिवारी आमच्याकडं पाणी येतंय, रविवारी लावा

कडकभाकरी: रविवार पक्का. मी चटणी घेऊन येतो सगळ्यांना