अनुभव धागा : फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून रोड सायकल

बरगंडी, बोर्दो, अल्सास, ऱ्होनचं खोरं, यांतल्या कुठल्याही भागात सायकल चालवली असेल तर इथे जरूर लिहा. प्रवासवर्णन नको. रस्ता कसा आहे, गिअर कोणते लागतात, काय बिघडतं आणि का, एवढंच हवं, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. सुरुवात मी करते.

तारखा ठरवताना हवामानाच्या आधी द्राक्षाची कामं बघा. मळ्यांतले अरुंद डांबरी रस्ते मुळात बागायतदारांसाठी बांधलेले आहेत, आपण तिथे पाहुणे. मे ते जुलै फवारणीचा हंगाम. आपल्या नाशिक-सांगलीकडे ज्याला बोर्डो म्हणतात, तेच मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. त्याचा जन्मच बोर्दोजवळच्या मेदोकमधला, 1880 च्या दशकातला. वारा पडलेला असतो म्हणून फवारणी बहुतेक पहाटे आणि सकाळी उरकतात, आणि आपणही ऊन टाळायला त्याच वेळी निघतो. पुढे धुकं दिसलं तर वाऱ्याच्या वरच्या अंगाने जा, नाहीतर पाच मिनिटं थांबा. बाटलीच्या तोंडावर झाकण हवंच.

बरगंडीत ओळींमधलं अंतर जेमतेम 1 मीटर, हेक्टरी साधारण 10,000 वेली. नाशिककडे दोन ओळींत 9-10 फूट जागा असते, तिथे ट्रॅक्टर आरामात शिरतो. बरगंडीत तो शिरूच शकत नाही, म्हणून तिथला ट्रॅक्टर ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा असतो आणि वेल त्याच्या पोटाखालून जाते. चालक उंचावर, लक्ष ओळीवर. ओळ संपली की वळायला त्याला अख्खा रस्ता लागतो. ओळीच्या टोकाला इंजिनाचा आवाज आला की 20 मीटर अलीकडे थांबा, चालकाने हात केल्यावरच पुढे जा.

* * *

वरच्या मुद्द्याला जोड. सप्टेंबरमध्ये तोडणी असते. ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर मळ्यातली चिकणमाती रस्त्यावर येते, सुकलेली असताना काही वाटत नाही, पण सर पडली की साबण. रिम ब्रेकची सायकल आणि 28 मिमी टायर असेल तर ब्रेकच्या कमानीखाली चिखल ठासून बसतो आणि चाक घासायला लागतं. 25 मिमीच्या टायरवर उतरा किंवा डिस्क ब्रेकची सायकल भाड्याने घ्या. काडी लावून चिखल काढता येतो, पण दर दोन किलोमीटरला.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बोन ते सांतने हा मार्ग घ्यावा. साधारण 22 किमी, पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे अशी गावं, पाट्या सगळीकडे. चढ सौम्य, पण दगडी कुंपणांमधून काटकोनात वळणं येतात आणि पलीकडचं काही दिसत नाही. इथे वेग काढायचा नसतो. वेगासाठी शेजारचा डी 974 दिसतो नकाशावर (डी म्हणजे जिल्हा रस्ता), तो टाळा, ट्रक फार.

* * *

दक्षिण बरगंडीतल्या क्लुनीकडे जाणार असाल तर जिव्री–क्लुनी हा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलरस्ता उत्तम, सुमारे 44 किमी. 1997 मध्ये खुला झाला, फ्रान्समधला या प्रकारचा पहिला. पुढे माकोंच्या बाजूला ब्वा-क्लेरचा बोगदा लागतो, 1.6 किमी. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, मग वरून खिंड चढावी लागते. उन्हाळ्यातही आत चांगलाच गारठा असतो, घामेजलेल्या अंगाने शिरू नका, जॅकेट आधी चढवा. काळा चष्मा काढायला विसरू नका.

* * *

टायर आणि खडी यावर सविस्तर लिहितो, कारण पडझड इथेच होते.

उन्हाळ्यात डी रस्त्यांची डागडुजी करताना गरम डांबर पसरून वर बारीक खडी टाकतात आणि ती दाबायचं काम बरंचसं वाहनांच्या चाकांवर सोडतात. काही दिवस खडी सुटी राहते. पाटीवर ‘ग्राव्हियों’ असं लिहिलेलं असतं, हा एक फ्रेंच शब्द पाठ करून ठेवा. गाड्यांच्या चाकांनी दोन स्वच्छ पट्टे पडतात, त्यांतच राहा. धोका वळणाच्या बाहेरच्या कडेला आणि पट्ट्यांच्या मधल्या ढिगाऱ्यात. वेग वळणाच्या आधी कमी करा. सायकल तिरकी असताना पुढचा ब्रेक दाबला की चाक गेलंच समजा.

75 किलोच्या माणसाला 28 मिमी टायरमध्ये, ट्यूब असेल तर, पुढे 70 आणि मागे 75 पीएसआय हवेचा दाब पुरे. 100 भरलं की सायकल खडीवर उड्या मारते आणि पकड सुटते.

ल्वारच्या काठच्या मळ्यांत गारगोटी असते. तिची कड पात्यासारखी. टोचत नाही, कापते. टायरला 5 मिमीपेक्षा मोठा काप गेला की नवी ट्यूब टाकूनही ती कापातून फुगा काढते आणि फुटते. म्हणून जुन्या टायरचा 3×5 सेंमी तुकडा, कडा घासून पातळ केलेला, सीटखालच्या पिशवीत ठेवा. तो कापाच्या आत, ट्यूब आणि टायरच्या मध्ये. हवा 60 पर्यंतच भरा आणि सरळ पुढच्या गावातल्या दुकानाकडे जा. दुकान सोमवारी बंद असण्याची शक्यता मोठी, म्हणून ट्यूब दोन.

* * *

दारूबद्दल स्पष्ट लिहायला हवं. रक्तातल्या अल्कोहोलची 0.5 ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. 12 टक्क्यांच्या वाइनचा 100 मिलीचा पेला म्हणजे साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. तळघरात चाखायला सहा वाइन आल्या आणि सगळ्या गिळल्या तर मर्यादेच्या जवळ पोचायला वेळ लागत नाही, त्यात पाणी कमी प्यायलेलं शरीर. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं अजिबात असभ्य नाही, व्यापारातली माणसं तेच करतात. चाखणं दिवसाच्या शेवटच्या थांब्यावर ठेवा.

भरलेली बाटली सव्वा ते दीड किलो. रोड सायकलवर ती नेऊ नका. भारतात परतताना करमुक्त मर्यादा 2 लिटर, म्हणजे 750 मिलीच्या दोनच बाटल्या, त्या परतीच्या शहरातून घ्या.

आणखी नियम : कानात इअरफोन चालत नाहीत, एका कानातही नाही. अंधारात किंवा कमी दिसत असताना गावाबाहेर चमकतं जाकीट सक्तीचं. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो बोळातून का येईना. आपल्याकडच्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच होते, आपण मोठ्या रस्त्यावर आहोत म्हणून गृहीत धरतो.

* * *

पाणी : दफनभूमी शोधा. जवळपास प्रत्येक गावाच्या कडेला असते आणि फुलांना घालायला नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलेलं दिसलं तर ते पिण्याचं नाही. आत शांतपणे, हेल्मेट काढून जा.

शाकाहारींसाठी : दुकानं 12 ते 2 बंद, बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद, रविवारी दुपारनंतर शुकशुकाट. सकाळीच दुपारचं घेऊन ठेवा. कीशमध्ये (अंडं-सायीचा खारा पाय) आणि अल्सासच्या पातळ भाजलेल्या तार्तमध्ये डुकराचे तुकडे असतात, दिसत नाहीत म्हणून फसू नका. अंडं चालत असेल तर मनुक्यांची गुंडाळी, सफरचंदाची पफ आणि बरगंडीत मिळणारे चीजचे छोटे गोळे छान. खिशात चिक्की असू द्या, दीड वाजता तीच कामाला येते.

* * *

बोर्दोहून क्रेओंमार्गे सोव्हतेरला जाणारा रोजे लापेबी मार्गसुद्धा रेल्वेच्याच जागेवर आहे. लापेबी 1937 चा टूर द फ्रान्स विजेता, त्याच वर्षी स्पर्धेत डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली होती. चढ रेल्वेचे, म्हणून 34×28 (पुढच्या चक्राला 34 दात, मागच्या सगळ्यात मोठ्याला 28) सुद्धा भरपूर. प्रत्येक रस्ता ओलांडताना अडथळ्यांचे खांब आहेत, हँडल रुंद असेल तर सांभाळा.

* * *

मों व्हाँतू, ऱ्होनच्या खोऱ्याजवळचा डोंगर. पायथ्याच्या बेद्वँ गावाहून 21.5 किमी, माथा 1,909 मीटर. पहिले साडेपाच-सहा किमी द्राक्षांमधून, इतके सोपे की पाय मोकळे सुटतात आणि तिथेच ताकद वाया जाते. सँतेस्तेव्हच्या वळणापासून शाले रेनारपर्यंत झाडीतून 9 टक्क्यांच्या आसपास, कुठे सपाटी नाही. सिंहगड सलग दोनदा चढण्यापेक्षा इथली उंची जास्त आहे.

गिअरचं गणित सांगतो. मिनिटाला 60 पॅडलफेऱ्यांना 34×32 वर वेग ताशी 8 किमी, 34×28 वर सव्वानऊ. माणूस आणि सायकल मिळून 84 किलो धरलं तर 9 टक्क्यांवर हा फरक 25 वॉटच्या आसपास, आणि तो तासभराहून जास्त द्यायचा आहे. मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) लावा, लाज कसली.

शेवटचे 6 किमी उघडे पांढरे दगड. मिस्त्राल, म्हणजे इथला उत्तरेकडचा जोरदार वारा, सुटला असेल तर तो आडवा मारतो, खोल रिमची चाकं नकोत. माथ्यावर बेद्वँपेक्षा साधारण 10 अंश थंड, उतरताना बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबता येत नाही. पूर्ण बोटांचे पातळ हातमोजे मागच्या खिशात ठेवा, चढताना नाही, माथ्यावर पोचल्यावर घाला.