तळ्याच्या तळाशी बुडवलेला दारूगोळा: वर काढायचा की तसाच ठेवायचा?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

स्वित्झर्लंडमधल्या थून, ब्रिएन्झ आणि लुझर्न या तळ्यांच्या तळाशी मिळून आठ हजार टनांच्या वर दारूगोळा पडून आहे. युद्धात कुणी बॉम्ब टाकले म्हणून नव्हे. १९१८ ते १९६४ या काळात तिथल्याच लष्करानं मुदत संपलेला, सदोष आणि उरलेला माल मुद्दाम नेऊन बुडवला. १९४७ च्या डिसेंबरात मिथोल्झ गावाजवळचं डोंगरातलं कोठार फुटलं आणि नऊ माणसं गेली. त्यानंतर तर साठे जमिनीवर ठेवण्यापेक्षा पाण्यात टाकलेले बरे, असंच सगळ्यांना वाटू लागलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या संरक्षण खात्यानं हा माल पर्यावरणाला धक्का न लावता कसा काढता येईल, याच्या कल्पना मागवल्या. उत्तम तीन कल्पनांना मिळून ५० हजार फ्रँक बक्षीस जाहीर केलं. म्हणजे बुडवून साठ वर्षं झाली तरी काढायचं कसं, हे ठरलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. काढलाच पाहिजे. लुझर्न शहराच्या पिण्याच्या पाण्यातला मोठा वाटा तळ्यातून येतो. पोलाद आज ना उद्या गंजणारच, आणि आतलं टीएनटी, शिसं, पारा बाहेर येणारच. सगळं एकदम नाही निघणार. पण तिथल्याच न्यूशातेल या आणखी एका तळ्यात काही माल जेमतेम सहा-सात मीटर खोलीवर आहे. सुरुवात तिथून करायला काय हरकत आहे?

कळंबा_फिल्टर

हरकत आहे, आणि मोठी आहे. पाणी तपासण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून लिहितो.

थून आणि लुझर्नला हा माल दीडशे ते सव्वादोनशे मीटर खोल आहे. त्यावर काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत गाळ बसलाय. तळाशी पाणी थंड आणि गाळात प्राणवायू कमी, त्यामुळं गंज अगदी सावकाश चढतो. तिथल्या खात्यानं पाणी आणि गाळ वर्षानुवर्षं तपासला. स्फोटकांचे अंश सापडतात, पण मर्यादेच्या कितीतरी खाली. आता तिथं यांत्रिक हात घालून गाळ ढवळला, तर आज जे गाडलेलं आहे ते सगळं पाण्यात मिसळेल. तज्ज्ञांनी आधीच्या पाहणीत हाच धोका सांगितला होता.

कोल्हापुरात रंकाळा तळ्याचा गाळ काढायचा विषय निघाला की आपल्याकडेही हेच विसरलं जातं. सांडपाण्यातलं फॉस्फरस त्या गाळात बसलेलं असतं. गाळ वेड्यावाकड्या पद्धतीनं उपसला की ते परत पाण्यात येतं आणि शेवाळ दुप्पट जोमानं माजतं. काही घाण जिथं आहे तिथंच कमी त्रास देते.

शाहूपुरीकर

राव, स्वित्झर्लंडची तळी स्वित्झर्लंडवाले बघतील की! पंचगंगेत मासे मरून तरंगतात, इचलकरंजीत २०१२ ला कावीळ किती पसरली ते आठवा. इथं मैलापाणी थांबवायची ताकद नाही आणि आपण थूनच्या तळ्यातल्या बॉम्बवर वाद घालतोय. आधी घरचं बघूया.

रंकाळाकाठ

शाहूपुरीकर, घरचंच बघतोय. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं राहिलं, कपिलतीर्थावर मंडई भरते. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की आता हा विषय मिटला. आजही मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साठतं. पाण्याला जागा लक्षात असते आणि पाण्यात टाकलेलंही कुठं जात नाही. पंचगंगेतला रंग असो वा थूनमधला तोफगोळा, नजरेआड केलं की झालं, ही सवय एकच आहे.

कळंबा साहेब, तुमचा तपासणीचा मुद्दा मला मान्य आहे. पण तपासतं कोण? ज्या खात्यानं बुडवलं तेच खातं. आणि 'मर्यादेच्या खाली' हे आजचं झालं. टीएनटी पाण्यात कमी विरघळतं, लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी आयुष्यभराची सूचक पातळी लिटरला २ मायक्रोग्रॅम धरतात. म्हणजे एक लिटर संपृक्त पाणी सुमारे पन्नास हजार लिटर बिघडवू शकतं. आवरण शाबूत आहे तोवरच आकडे चांगले दिसणार.

सैनिक_टाकळीकर

जय हिंद. मी फौजेतून निवृत्त आहे, दारूगोळ्याच्या साठ्यावर ड्युटी केली आहे. दोन्ही बाजूंना एक गोष्ट सांगावीशी वाटते.

जुना गोळा म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, लावलेला असेल तर आतला डेटोनेटर वर्षांनी अधिक नाजूक होऊ शकतो, आणि बाहेरून बघून कुणालाच ते सांगता येत नाही. आमचा नियम साधा: हलवायची खात्री नसेल तर जागेवरच उडवा. पण तळ्यात उडवलं तर पाण्यातून धक्का लांबवर जातो, मासे मरतात आणि न फुटलेली दारू तळभर पसरते. म्हणून तिथले अधिकारी अडलेत. त्यांना काळजी नाही, असं मला वाटत नाही.

आणि हे काम जमिनीवरही सोपं नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्ध्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले मजूर होते. रंकाळाकाठ, तुम्ही 'काढलाच पाहिजे' म्हणता तेव्हा तो हातानं उचलणारा माणूस कोण असतो, याचा विचार पहिल्यांदा करा एवढीच विनंती.

पंचगंगेची_लेक

फौजीकाका, तुमचा मुद्दा मनाला लागला. तरीही मी काढण्याच्या बाजूनं आहे, कारण 'ठेवून द्या' म्हणणाऱ्यांना तळाशी नेमकं काय आहे हेच बऱ्याचदा ठाऊक नसतं.

अमेरिकेत लेक सुपीरियरमध्ये डुलुथ शहराजवळ १९५९ ते १९६२ दरम्यान लष्करी कारखान्याचे चौदाशेवर बॅरल बुडवले. कारण काय, तर शस्त्राची रचना शत्रूला कळू नये. काठच्या लोकांना वर्षानुवर्षं नीट काही सांगितलं नाही. शेवटी रेड क्लिफ या ओजिब्वे आदिवासी समाजानं लावून धरलं, कारण त्या तळ्यातल्या माशांवर त्यांचं घर चालतं. २०१२ मध्ये त्यांच्या प्रकल्पातून २५ बॅरल वर काढले. बहुतेकांत क्लस्टर बॉम्बचे सुटे भाग निघाले. त्यात स्फोटक असलेले छोटे भागही होते, ज्यांची आधी अपेक्षा नव्हती. पंचवीस उघडले म्हणून एवढं तरी कळलं. सगळे बॅरल काढा असं मी म्हणत नाही. पण नमुना म्हणून काही तरी उघडा, आणि तपासणीत काठावरची माणसं बसवा.

आणखी एक. समुद्रात कचरा टाकण्यावर १९७२ चा लंडन करार आहे, पण देशाच्या आतली तळी त्यात येत नाहीत. गोड्या पाण्याला त्या कराराचं छत्र नाही.

कळंबा_फिल्टर

ताई, नमुन्यादाखल काढण्याला माझा विरोध नाही. विरोध 'सगळं काढा' या घोषणेला आहे. मिथोल्झचं ते फुटलेलं कोठार साफ करायला स्विस संसदेनं सुमारे २५९ कोटी फ्रँक मंजूर केलेत, आणि गावकऱ्यांना दहा-बारा वर्षं घर सोडावं लागणार आहे. तेही कोरड्या जमिनीवर. दोनशे मीटर पाण्याखालचा हिशोब कुणी मांडलाय? त्याच पैशात किती सांडपाणी शुद्ध होईल, हा शाहूपुरीकरांचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही.

रंकाळाकाठ

खर्चाचा मुद्दा खरा आहे. पण तो बुडवणाऱ्यानं भरायचा आहे, सांडपाण्याच्या पैशातून नाही. मिथोल्झलाही खर्च तिथल्या सरकारनंच उचललाय. फौजीकाका, माणसाच्या जिवाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य, म्हणूनच यंत्रानं होईल तेवढंच आणि उथळ जागेतलंच आधी, असं मी म्हणतो. खोल तळ्यांबद्दल माझी मागणी एवढीच: कुठं, किती, कोणत्या जातीचं टाकलं याची नोंद खुली करा, आणि तपासणी लष्कराबाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घ्या.

सैनिक_टाकळीकर

नोंद खुली करण्याला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त एक अडचण सांगतो: त्या काळात टाकताना गोळ्यागणिक नोंद कुणी ठेवली असेल, असं मला वाटत नाही. फ्यूजसकट किती आणि फ्यूजविना किती, हा आकडा मिळाल्याशिवाय उथळ पाण्यातही मी माझ्या माणसाला पाठवणार नाही. आधी तळाची मोजणी, मग वाद.