विषय: हिवाळ्यात गाडी धुवायची की नाही?

स्नेहल, मिसिसागा – शनिवार, १० जानेवारी, सकाळ

सर्वांना नमस्कार,

मी मंडळात नवीन आहे. मूळची सोलापूरची, माहेर जुळे सोलापूरला. सप्टेंबरमध्ये इथे कॅनडात आले आणि ऑक्टोबरात दहा वर्षांची जुनी गाडी घेतली. हा माझा पहिलाच हिवाळा.

गाडीच्या खालच्या अर्ध्या भागावर पांढरा थर बसलाय, हाताला खरखरीत लागतो. शेजारचे म्हणतात, एप्रिलपर्यंत धुऊच नका, पाणी गोठून दारं उघडणार नाहीत. बाबा फोनवर म्हणतात, रोज सकाळी फडक्यानं पुसून घे, ते तिकडे तसंच करतात. कुणाचं ऐकू?

आणखी एक तातडीचं. काल रात्री समोरच्या काचेवर बर्फ साचू नये म्हणून आईनं दिलेली सोलापुरी चादर टाकली. काच ओली होती, चादर भिजली आणि आता काचेला घट्ट चिकटून बसलीय. ओढायचा धीर होत नाही. चादर आईची आहे.

– स्नेहल

मधुकर, सध्या मुक्काम सोलापूर – शनिवार, १० जानेवारी, रात्र

स्नेहल,

आधी चादर. ओढू नकोस आणि गरम पाणी तर मुळीच ओतू नकोस, गोठलेली काच तडकते. गाडी उघड्यावरच असू दे, सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ असेल तर आधी तो काढ, मग इंजिन चालू करून हवा काचेवर सोड. सुरुवातीला मंद, नंतर वाढवत ने. पंधरा-वीस मिनिटांत चादर आपणहून सैल होईल. वायपर चादरीखाली असतील तर ते बंद आहेत ना, हे आधी बघ. आपली चादर सुती, पाणी पिते आणि पाण्यासकट गोठते. काच झाकायला पाणी न शोषणारं जाड कव्हर मिळतं, ते घे. चादर अंगावर घे, तिथल्या थंडीत तिचं खरं काम तेच.

मी दर हिवाळ्यात दोन महिने इकडे येतो. होटगी रोडला भावाचं घर आहे. रात्री सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचा सराव चाललेला ऐकू येतो, संक्रांत तोंडावर आलीय. इथे पहाटे स्वेटर लागतो आणि दहा वाजता काढावा लागतो. पण गाडीबद्दल तुझा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

तू जुळे सोलापूरची, म्हणजे बोअरचं पाणी तुला माहीत आहे. नळाच्या तोटीवर, गीझरच्या कॉइलवर पांढरं चढतं आणि बादलीला कडा धरतात. तुझ्या गाडीवरचा थर दिसतो तसाच, पण जास्त घातक. ते रस्त्यावर टाकलेलं खडेमीठ आहे. मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो म्हणून बर्फ वितळतो. साधं मीठ साधारण उणे १० पर्यंत नीट काम करतं, त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणजे गाडी वरून कोरडी दिसली तरी खाली पत्रा ओलाच राहतो. लोखंड, हवा, पाणी आणि मीठ एकत्र आलं की गंज थांबत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी कॅनडातली पहिली गाडी मी दर रविवारी चकचकीत करायचो. बॉनेट, दारं, काचा, सगळं. खाली कधी वाकून बघितलं नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी दुकानाच्या पार्किंगमध्ये ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची बारीक लोखंडी नळी गंजून फुटली होती. मुलगी मागच्या सीटवर होती. समोर बर्फाचा ढीग होता, त्यात गाडी रुतली म्हणून निभावलं. दहा मिनिटं आधी मी हायवेवर होतो. तेव्हापासून गाडी धुणं म्हणजे माझ्यासाठी आधी गाडीचा तळ धुणं.

म्हणून धूच. एप्रिलची वाट बघू नकोस. दिवस मात्र निवडून धू. तापमान शून्याच्या आसपास किंवा किंचित वर असेल तो दिवस, तोही दुपारचा, म्हणजे रात्र पडायच्या आत गाडी वाळते. दहा-पंधरा दिवसांनी एकदा पुरे. मोठा बर्फ पडून रस्ते मिठानं पांढरे झाले असतील तर त्यानंतरची पहिली ऊबदार दुपार सोडू नकोस. नाणं टाकून पाण्याचा फवारा मिळतो तिथे जा आणि निम्मा वेळ खाली घालव: चाकांवरच्या कमानींच्या आत, दाराखालच्या पट्ट्यात, मागच्या बंपरच्या पोटात. चिखल आणि मीठ तिथे साठून राहतं. यंत्रातून गाडी काढणार असशील तर तळ धुण्याचा पर्याय घे. काही ठिकाणी तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात, म्हणून शेवटची धार ताज्या पाण्याची आहे का, विचारून घे.

फडक्यानं पुसायचं मात्र नाही. मिठाचे खडे आणि बारीक खडी फडक्याखाली येते आणि रंगावर गोल गोल ओरखडे उठतात. बर्फ झाडतानाही ताठ केसांचा ब्रश रंगावर घासू नकोस, फोमचा मिळतो.

यंदा मेण लावायची वेळ गेली. पुढच्या ऑक्टोबरात गाडी स्वच्छ धुऊन मेणाचा हात दे आणि खालून गंज रोखणाऱ्या तेलाची फवारणी करून घे. दोन-चार दिवस तेल ठिबकतं, ठिबकू दे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती तेवढी मोकळी ठेवायला सांग.

– मधुकर

वैशाली, मॉन्ट्रियल – रविवार, ११ जानेवारी

स्नेहल, मधुकररावांनी तळाचं सांगितलं, मी दारांचं सांगते. धुतल्यावर चारही दारं आणि डिकी उघडून रबरी पट्ट्या कोरड्या पूस आणि त्यांना सिलिकॉनचा हलका हात दे. मग उणे २० लाही दार चिकटत नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण विसरू नकोस, मी एकदा पंपावर उभी राहून ते उघडत बसले होते.

काच धुणाऱ्या वॉशरच्या टाकीत साधं पाणी भरलं असशील तर आजच बदल. भारतातून आलेल्यांची ही सवय असते. गोठलं की टाकीच फुटू शकते. इथे उणे ४० पर्यंत न गोठणारं वॉशरचं द्रव मिळतं, तेच भर.

आमच्याकडे क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानंच लागतात. तुमच्या ओंटारिओत सक्ती नाही, तरी घाल. ७ अंशांखाली साधं रबर कडक होतं.

मधुकरराव, एक विचारते. आमची गाडी इमारतीखालच्या गरम पार्किंगमध्ये असते. म्हणजे ती जास्त सुरक्षित ना?

– वैशाली

मधुकर – रविवार, ११ जानेवारी

वैशालीताई, बॅटरीला सुरक्षित, पत्र्याला नाही. कडाक्याच्या थंडीत गंज मंदावतो. ऊब मिळाली, मीठ अंगावर ओलं राहिलं, की तो जोर धरतो. रोज बाहेरून मीठ घेऊन रोज उबेत उभी राहणारी गाडी लवकर खराब होते. तुम्हाला आठवड्याला एकदा धुवावी लागेल. तुमच्या पार्किंगमध्ये नळ आणि पाण्याचा निचरा असेल तर फार सोपं आहे.

– मधुकर

स्नेहल – बुधवार, १४ जानेवारी

काका, वैशालीताई,

चादर सुटली, एक धागाही निघाला नाही. वाळवून घडी घालून ठेवलीय.

काल दुपारी अधिक २ होतं, ऑफिसातून लवकर निघून गाडी धुतली. चाकाच्या कमानीतून पांढरं, राखाडी पाणी किती वेळ येत होतं! खाली वाकून मोबाईलच्या उजेडात ब्रेकच्या नळ्याही बघितल्या. एका ठिकाणी तांबूस पापुद्रे आहेत. शनिवारी गॅरेजला दाखवते.

काका, आता बाबांची काळजी वाटते. त्यांची गाडी नवीन आहे आणि ते रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसतात. तुम्ही म्हणालात ते ओरखडे तिच्यावर आता दिसायला लागलेत. मी सांगितलं तर ऐकत नाहीत.

सर्वांना तिळगूळ.

– स्नेहल

मधुकर, सोलापूर – बुधवार, १४ जानेवारी

स्नेहल, तिळगूळ घे. नळ्या बघितल्यास, फार बरं केलंस. शनिवारपर्यंत गाडी चालवू नकोस, बसनं जा.

बाबांचं चुकतं कुठे ते सांगतो. सध्या गाळपाचा हंगाम आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं, त्याची काळी, हलकी राख वाऱ्याबरोबर येते. आपल्याकडे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते, तीच गाडीवर बसते. त्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचीच जात. त्यात काळ्या रानातली धूळ आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत होम मैदानाच्या बाजूनं उडणारी माती. पहाटेच्या दवानं हे सगळं चिकटतं आणि त्यावर कोरडं फडकं फिरलं की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं.

रोज धुवायला सोलापुरात पाणी कुठे आहे? रोज पुसूच नये. एकदा मऊ पिसांच्या झाडणीनं वरची राख हलक्या हातानं झटकावी, दाबू नये. आठवड्यातून एकदा दोन बादल्या. पहिली बोअरच्या पाण्याची, तिनं धूळ भिजवून खाली सोडायची. दुसरी नळाला येणाऱ्या उजनी धरणाच्या पाण्याची, शेवटच्या धारेसाठी राखून ठेवलेली. ऊन चढायच्या आत हे उरकायचं आणि लगेच टिपून घ्यायचं, नाहीतर बोअरचे क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात. काचेवर आधीच बसले असतील तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी लावून दोन मिनिटांनी धुवायचं.

टिपायला आपला टॉवेल उत्तम, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणतात तो. जुना, मऊ झालेला घ्यायचा, काठाची शिवण रंगाला लागू द्यायची नाही आणि तो फक्त धुतलेल्या गाडीवरच. तू इथून निघताना चार ठेवले असशील तर तुझ्याही गाडीला तेच वापर, दारांच्या कडांना.

तू सांगून बाबा ऐकणार नाहीत, लेकीचं कोण ऐकतं. त्यांना माझा नंबर दे. रविवारी सकाळी सातला येतो, ऊन यायच्या आधी. दोन बादल्या भरून ठेवायला सांग.

– मधुकर