पणजोबांची नोंद आणि ‘-कर’ आडनावाचं मूळ कसं शोधावं?

प्रश्न: पणजोबांचा जन्म साधारण १८९५चा, गाव सातारा जिल्ह्यात. आडनाव मात्र दुसऱ्याच गावावरून पडलेलं. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या (गाव नमुना १४) नकलेसाठी अर्ज करा. लेखन बहुधा मोडीत असतं, वाचक सोबत न्या. आडनावाने शोधू नका, इथेच बहुतेकांची गाडी अडते! जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘रामा बिन गणू’ एवढंच सापडतं. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. म्हणून आधी बाप, आजा, भाऊ यांची नावं जमवा. अंदाजाच्या आधीची-नंतरची पाच-पाच वर्षं चाळा.

उत्तर २: सन नीट तपासा. इसवी सन काढायला, फसली (जुन्या महसुली कागदांतलं सन) असेल तर ५९० मिळवा, शक असेल तर ७८. एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

उत्तर ३: ‘-कर’वरून गाव ठरवायची घाई नको, एकाच नावाची गावं अनेक असतात. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी काढा, वारसांची अख्खी ओळ मिळते. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडची नामावळी, म्हणजे तिथे येऊन गेलेल्या यजमानांच्या नावांच्या वह्या, पाहा. घराण्याचं माहीत असलेलं गाव सांगितलं की वही निघते. पूर्वजांनी तिथे स्वतः सांगितलेलं गाव सगळ्यांत भरवशाचं.